सेलेनियम, सेलेनोप्रोटीन आणि कॅन्सरचं पसरणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सेलेनोप्रोटीन म्हणजे नक्की काय? सेलेनियम तर खनिज आहे ना?

हो, खनिजच आहे, १८१७ मध्ये बर्झेलियस नावाच्या स्वीडिश केमिस्टला सापडलं आणि चंद्राच्या ग्रीक देवीवरून त्याला नाव दिलं गेलं. पण शरीरात ते असं सुटं सुटं फिरून काम करत नाही, ते प्रोटीनच्या आत बसवलेलं असतं, आणि सगळी गंमत तिथेच आहे. माणसाच्या जीनोममध्ये हजारो प्रोटीनच्या रेसिपी आहेत, त्यातल्या फक्त २५ जीन अशा आहेत की ज्यांच्या प्रोटीनमध्ये सेलेनियम मुद्दाम, ठरवून, नेमक्या जागी बसवलं जातं. त्यांनाच सेलेनोप्रोटीन म्हणतात. सेलेनियम ज्या अमिनो अॅसिडमधून येतं त्याला सेलेनोसिस्टीन म्हणतात, शाळेत आपण २० अमिनो अॅसिड शिकलो, हे २१ वं.

नेमक्या जागी बसवतात म्हणजे कसं?

इथे पेशीने जरा जुगाडच केलाय. प्रोटीन बनवताना यूजीए हा कोड आला की त्याचा अर्थ असतो "थांबा, प्रोटीन संपलं". पण सेलेनोप्रोटीनच्या मेसेजमध्ये पुढे शेपटाकडे एक खास वळणाची रचना असते, तिला सेसिस म्हणतात, ती असली की पेशीची मशिनरी यूजीएला "थांबा" न समजता "इथे सेलेनोसिस्टीन लावा" असं समजते. त्यासाठी वेगळा टीआरएनए (अमिनो अॅसिड जागेवर आणून देणारा रेणू), वेगळी मदतनीस प्रोटीन, सगळा वेगळा बंदोबस्त. खर्चिक काम आहे, आणि सेलेनियम कमी पडलं तर प्रोटीन खरंच अर्ध्यात तुटतं.

एवढा खटाटोप कशाला? गंधकावर भागलं नसतं का?

बहुतेक प्रोटीनचं भागतंच की, सिस्टीनमध्ये गंधकच असतं. पण सेलेनियम त्याच जागी कितीतरी जास्त चपळ आहे. शरीराच्या नेहमीच्या पीएचला सिस्टीनचा गंधक बहुतांशी हायड्रोजन धरून सुस्त बसलेला असतो, सेलेनोसिस्टीनने मात्र तो आधीच सोडलेला असतो, म्हणजे रिअॅक्शनला कायम तयार. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची: गंधक अति ऑक्सिडाइझ झाला की कायमचा बाद होऊ शकतो, सेलेनियम परत मूळ अवस्थेला येतं. २०१८ मध्ये उंदरांवर नेमकं हेच तपासलं गेलं, जीपीएक्स-४ या सेलेनोप्रोटीनमधलं सेलेनियम काढून तिथे गंधक घातला, तर उंदरांच्या पेशी पेरॉक्साइडच्या, म्हणजे इजा करणाऱ्या ऑक्सिजनवाल्या रसायनांच्या, माऱ्याखाली टिकेनात. तर सेलेनियम म्हणजे न जळणारा फ्यूज समजा, परत परत वापरता येणारा.

ही २५ प्रोटीन करतात काय?

सगळ्यांचं अजून नीट कळलेलंही नाही. ठळक मंडळी अशी: ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज, म्हणजे जीपीएक्सचं कुटुंब, पेरॉक्साइड निकामी करतं, म्हणून त्यांना अँटिऑक्सिडंट म्हणतात. थायोरेडॉक्सिन रिडक्टेज, ही पेशीच्या आतला केमिकल बॅलन्स सांभाळतात आणि डीएनए बनवायच्या कामातही लागतात. डिआयोडिनेज, थायरॉइड हार्मोन चालू-बंद करतात. सेलेनोप्रोटीन-पी, हे लिव्हर बनवतं आणि रक्तातून सगळीकडे सेलेनियम पोचवतं, बाकी बहुतेकांमध्ये एकच सेलेनोसिस्टीन असतं तर याच्यात १०, म्हणजे हे डिलिव्हरीवालंच. आणि मग के, एफ, ओ, डब्ल्यू अशी एकेका अक्षराच्या नावाची बरीच आहेत.

अँटिऑक्सिडंट आहेत म्हणजे कॅन्सरविरोधीच झाली ना?

सगळा घोळ या "म्हणजे"मध्ये आहे. कॅन्सर व्हायच्या आधीची गोष्ट घेतली तर तुमचं बरोबर आहे, डीएनएला इजा कमी झाली की म्युटेशन कमी, सेलेनोप्रोटीन तिथे राखणदार आहेत. पण राखणदार कोणाच्या दारात उभा आहे ते बघायला नको का? कॅन्सरची पेशी एकदा तयार झाली की तिच्याकडेही हीच २५ जीन असतात आणि ती ही प्रोटीन स्वतःला वाचवायला वापरते, चिलखत चांगल्या माणसाच्या अंगावर आहे की दरोडेखोराच्या हे चिलखताला कळत नाही. त्यामुळे "सेलेनियम कॅन्सर रोखतं" आणि "सेलेनियम कॅन्सर पोसतं" या दोन्ही वाक्यांवर मला एकच विचारावंसं वाटतं, कधी आणि कुठल्या पेशीत?

पसरताना पेशीला या चिलखताची गरज का पडते?

कारण पसरणं हे कॅन्सरच्या पेशीसाठी अतिशय अवघड काम आहे, आपल्याला वाटतं त्याच्या कितीतरी पट. मूळ गाठीत ती शेजाऱ्यांना चिकटून असते, तिथून सुटली की आधार सुटतो, आणि आधार सुटलेल्या पेशीने मरावं अशी शरीराची रीतच आहे, त्याला अॅनॉइकिस म्हणतात. मग रक्तात शिरायचं, तिथे ऑक्सिजन भरपूर, लोह आहे, प्रवाहाचे धक्के, वर इम्यून सिस्टीमच्या पेशी टपलेल्या, आणि यातून वाचून फुफ्फुसात किंवा लिव्हरमध्ये पोचलं तरी तिथे एकटीनं संसार मांडायचा. रक्तात गेलेल्यांपैकी फारच थोड्या पेशी यातून पार पडतात.

या प्रवासात ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस, म्हणजे पेरॉक्साइडसारख्या रसायनांचा मारा, हा मोठा अडथळा असतो हे २०१५ मध्ये छान दाखवलं गेलं. डॅलसमधल्या शॉन मॉरिसन यांच्या लॅबने माणसाच्या मेलानोमाच्या (त्वचेच्या एका घातक कॅन्सरच्या) पेशी उंदरांत वाढवल्या, तर त्वचेखालच्या गाठीपेक्षा रक्तातल्या आणि दूरच्या अवयवांतल्या पेशींवर हा स्ट्रेस बराच जास्त निघाला. मग त्यांनी उंदरांना अँटिऑक्सिडंट दिलं, एन-अॅसिटिलसिस्टीन, आणि दूरवर पसरणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलं! त्याच सुमारास स्वीडनमधल्या एका गटालाही फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये आणि मेलानोमात याच दिशेचे रिझल्ट मिळाले होते, तेही उंदरांतच. हे प्रयोग सेलेनियमचे नव्हते हे खरं, पण त्यातून प्रश्न उभा राहिला की पेशी स्वतःचं कुठलं अँटिऑक्सिडंट वापरून वाचते, आणि तिथून गाडी सेलेनोप्रोटीनवर येते.

फेरोप्टोसिस हा शब्द सारखा वाचायला मिळतो, तो काय प्रकार आहे?

तेल खूप दिवस उघडं ठेवलं की खवट होतं ना, तसंच. पेशीचं बाहेरचं आवरण म्हणजे मेम्ब्रेन ही फॅटची असते, त्यातल्या पॉलिअनसॅच्युरेटेड फॅटवर ऑक्सिजनचा हल्ला झाला की ती अक्षरशः खवट होते, आणि जवळ लोह असेल तर हे प्रकरण वणव्यासारखं पसरत जातं, शेवटी मेम्ब्रेन फाटते आणि पेशी मरते. या मरणाला २०१२ मध्ये न्यूयॉर्कमधल्या ब्रेंट स्टॉकवेल यांच्या लॅबने फेरोप्टोसिस हे नाव दिलं, फेरो म्हणजे लोह.

हा वणवा विझवणारा मुख्य जवान म्हणजे जीपीएक्स-४, सेलेनोप्रोटीन. मेम्ब्रेनमध्येच बसलेलं लिपिड पेरॉक्साइड थेट निकामी करण्याचं काम त्याच्याइतकं चांगलं दुसरं कोणी करत नाही, आणि ग्लुटाथायोन हे त्याचं इंधन.

आता हे पसरण्याशी कुठे जुळतं बघा. गाठीतून सुटून निघणाऱ्या पेशी बऱ्याचदा आपलं रूप बदलतात, चिकट विटेसारखी असलेली पेशी लांबुडकी, हलती होते, याला ईएमटी म्हणतात. अशा रूप बदललेल्या पेशी नेहमीच्या औषधांना दाद देत नाहीत, पण २०१७ मध्ये लक्षात आलं की याच पेशी जीपीएक्स-४ वर फार अवलंबून असतात, ते बंद केलं की पटकन मरतात, कारण त्यांच्या मेम्ब्रेनमध्ये लवकर खवट होणारं फॅट जास्त असतं. त्याच वर्षी औषधाचा मारा सोसून मागे उरणाऱ्या पेशींबद्दलही हेच सापडलं. म्हणजे ज्या पेशी सगळ्यात चिवट वाटतात त्यांचीच एक बाजू उघडी आहे, मला स्वतःला या सगळ्या विषयातली ही सर्वात भारी गोष्ट वाटते.

कॅन्सर आधी लिम्फ नोडमध्येच का जातो, याचा यात काही संबंध आहे?

बऱ्याच कॅन्सरमध्ये जातो, आणि थोडा संबंध आहे. २०२० मध्ये मॉरिसन यांच्याच लॅबने दाखवलं की मेलानोमाची पेशी रक्तापेक्षा लिम्फमध्ये, म्हणजे लिम्फ नोडमधून (इम्यून सिस्टीमच्या गाठींमधून) वाहणाऱ्या द्रवात, जास्त सुखात असते, तिथे मोकळं लोह कमी, ग्लुटाथायोन जास्त, आणि ओलेइक अॅसिड मिळतं जे मेम्ब्रेनमध्ये बसलं की ती सहज खवट होत नाही. म्हणजे लिम्फमध्ये थांबून पेशी जणू अंगाला तेल लावून घेते आणि मग रक्तात उतरते.

पुढे आणखी एक गुंता निघाला, लिम्फ नोडमध्ये बसलेल्या मेलानोमाच्या पेशी जीपीएक्स-४ वर कमी आणि एफएसपी-१ नावाच्या दुसऱ्याच प्रोटीनवर जास्त टेकतात असं दिसलं, आणि एफएसपी-१ सेलेनोप्रोटीन नाहीच. तेव्हा "जीपीएक्स-४ बंद करा, काम फत्ते" इतकं सोपं नाही, पेशी कुठल्या गावी मुक्कामाला आहे त्यावर तिचं चिलखत बदलतं.

जीपीएक्स-४ सोडून बाकीच्यांचं काय?

थायोरेडॉक्सिन रिडक्टेज-१ बऱ्याच ट्यूमरमध्ये वाढलेलं असतं. २००६ च्या एका प्रयोगात उंदराच्या फुफ्फुसाच्या कॅन्सर पेशींत ते कमी केलं तर गाठीची वाढ आणि मेटास्टॅसिस (दूर पसरणं) दोन्ही खूप घटलं. सेलेनोप्रोटीन-एफ, याचं जुनं नाव पंधरा किलोडाल्टन सेलेनोप्रोटीन, ते उंदराच्या आतड्याच्या कॅन्सर पेशींत कमी केलं तर फुफ्फुसात पसरणं कमी झालं. सेलेनोप्रोटीन-के नसेल तर मेलानोमाच्या पेशींमधला कॅल्शियमचा सिग्नल मंदावतो आणि त्यांची घोडदौडही मंदावते.

पण लगेच "सगळे गुन्हेगार" असा शिक्का मारू नका. तेच सेलेनोप्रोटीन-एफ स्तनाच्या कॅन्सरमध्ये उलट कमी झालेलं आढळतं आणि तिथे ते ब्रेकचं काम करतं असं दिसतं. जीपीएक्स-३ प्रोस्टेटच्या कॅन्सरमध्ये बऱ्याचदा बंद पाडलेलं असतं, म्हणजे तिथे ते कॅन्सरला नकोसं आहे, आणि ओव्हरीच्या कॅन्सरमध्ये मात्र पोटातल्या पाण्यात तरंगणाऱ्या पेशींना तेच जगवतं. जीपीएक्स-२ ची तर कमाल आहे, आतड्याच्या कॅन्सर पेशींत ते कमी केल्यावर लॅबमधल्या डिशमध्ये पेशी जास्त पळायला लागल्या पण उंदरात गाठी लहान झाल्या.

एकच प्रोटीन इकडे मित्र आणि तिकडे शत्रू, असं कसं?

पेरॉक्साइड हे नुसतं विष नाही, थोड्या प्रमाणात तो पेशीतला निरोपही असतो: वाढ, हल, पळ असा. जीपीएक्स-२ सारखं प्रोटीन तो निरोप पुसून टाकतं, म्हणून ते असलं की पळणं कमी. पण पेरॉक्साइड खूप वाढलं की तेच प्रोटीन जीव वाचवतं. आता कुठल्या अवयवात, कुठल्या स्टेजला, कुठल्या म्युटेशनसोबत यापैकी कुठलं पारडं जड होतं त्यावर सगळं अवलंबून. म्हणून अमुक सेलेनोप्रोटीन कॅन्सरला मदत करतं अशी हेडलाइन दिसली की कुठल्या अवयवाचा कॅन्सर आणि डिशमधला की उंदरातला एवढं तरी शोधा.

पसरणाऱ्या पेशीला सेलेनियम मिळतं कुठून?

मुख्यतः रक्तातल्या सेलेनोप्रोटीन-पी मधून. पेशीवर एलआरपी-८ नावाचा रिसेप्टर असतो, तो त्याला पकडून आत ओढतो, आत गेल्यावर तोडून सेलेनियम काढून घेतलं जातं. लहान मुलांना होणाऱ्या न्यूरोब्लास्टोमाच्या काही प्रकारांत पेशी या एलआरपी-८ वर इतक्या विसंबून असतात की तो काढला तर त्या फेरोप्टोसिसने मरतात.

आणि एक गोष्ट, लॅबमध्ये पेशी वाढवणाऱ्यांना ही जुनी सवयीची आहे: सीरम (रक्तातला पोषक द्रव) कमी केलं की मीडियममध्ये, म्हणजे पेशींच्या खाद्यात, इन्सुलिन, ट्रान्सफेरिन आणि सेलेनियम असं त्रिकूट घालतात, नाहीतर पेशी रुसतात. दाटीवाटीने असलेल्या पेशी सेलेनियमशिवाय कशाबशा तग धरतात पण विरळ पेरलेल्या धरत नाहीत, स्तनाच्या कॅन्सरच्या ट्रिपल निगेटिव्ह नावाच्या प्रकारातल्या पेशींत हे नीट दिसलंय. विरळ म्हणजे एकेकटी पेशी, आणि मेटास्टॅसिसची सुरुवात एकेकट्या पेशीनेच तर होते. म्हणून सेलेनियमची टंचाई मोठ्या गाठीपेक्षा नव्या जागी रुजू पाहणाऱ्या पेशीला जास्त बोचत असावी, असा अंदाज बांधायला जागा आहे.

याची दुसरी बाजूही आहे. सेलेनियम आत घेतलं की वाटेत सेलेनाइड नावाचा विषारी पदार्थ बनतो आणि त्याला पुढच्या पायरीवर नेणारं एन्झाइम, एसईपीएचएस-२, बंद केलं तर काही कॅन्सर पेशी आपणच ओढलेल्या सेलेनियमने विषबाधा होऊन मरतात, हे २०२० मधलं काम. जास्त हावरट पेशी आधी मरते, हे मला फार आवडलं होतं वाचताना.

सेलेनियम कमी पडलं तर सगळी सेलेनोप्रोटीन सारखीच कमी होतात का?

नाही, शरीरात मानपान आहेत. टंचाई आली की जीपीएक्स-१ आधी कापलं जातं आणि जीपीएक्स-४ शेवटपर्यंत टिकवलं जातं, अवयवांतही मेंदूला आधी मिळतं. स्ट्रेसच्या वेळी लागणारी सेलेनोप्रोटीन बनवायला सेलेनोसिस्टीनच्या टीआरएनएवर एक छोटा मिथाइलचा टिळा लागतो, तो लावणारं एन्झाइम आहे एफटीएसजे-१, आणि ते काढलं तर मेलानोमाचं दूर पसरणं कमी होतं असं उंदरांत दिसलंय. मूळ गाठीला फारसा फरक नाही, पसरण्याला फरक, हे लक्षात घ्या.

मग सेलेनियमची गोळी रोज घेतली तर कॅन्सर होणार नाही, हे खरं की खोटं?

आजच्या पुराव्यावर तरी नाही. ही कल्पना कुठून आली ते सांगतो. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या एका ट्रायलचे रिझल्ट आले, त्वचेचा कॅन्सर होऊन गेलेले १३१२ लोक, रोज २०० मायक्रोग्रॅम सेलेनियमवालं यीस्ट. मूळ प्रश्न होता त्वचेचा कॅन्सर परत होणं थांबतं का, ते थांबलं नाही, पण प्रोस्टेट आणि एकूण कॅन्सर कमी दिसले आणि सगळीकडे एकच गाजावाजा झाला. नंतर नीट बघितलं तर फायदा मुख्यतः ज्यांच्या रक्तात सुरुवातीला सेलेनियम कमी होतं त्यांनाच झाला होता, आणि त्वचेचा स्क्वेमस सेल कॅन्सर तर गोळी घेणाऱ्यांत वाढला होता.

मग खात्री करायला सिलेक्ट नावाची प्रचंड ट्रायल झाली, ३५,००० हून जास्त पुरुष, सेलेनियम आणि व्हिटॅमिन ई. २००८ मध्ये ती मध्येच थांबवावी लागली कारण फायदा शून्य. पुढे कळलं की नुसतं व्हिटॅमिन ई घेणाऱ्यांत प्रोस्टेट कॅन्सर १७ टक्क्यांनी वाढला, आणि ज्यांचं सेलेनियम आधीच भरपूर होतं त्यांनी वर गोळी घेतली तर आक्रमक प्रोस्टेट कॅन्सरचा धोका जवळपास दुप्पट झाला. २०१८ च्या कॉक्रेन रिव्ह्यूचाही (अनेक ट्रायल एकत्र तपासणाऱ्या आढाव्याचाही) निष्कर्ष हाच की सप्लिमेंटने कॅन्सर टळतो याला आधार नाही.

आधीच कॅन्सर झालाय, ट्रीटमेंट चालू आहे, ताकदीसाठी घेऊ का?

स्वतःच्या मनाने नको. ब्लड टेस्टमध्ये खरंच कमतरता निघाली तर डॉक्टर देतील आणि ते योग्यच आहे. पण "अँटिऑक्सिडंट आहे, नुकसान तर काही नाही ना" या हिशोबाने घेऊ नका, रेडिएशन आणि काही किमो औषधं पेशीवर ऑक्सिडेटिव्ह मारा करूनच काम करतात. आणि जे काही घेताय ते ऑन्कॉलॉजिस्टना सांगा, मल्टिव्हिटॅमिनच्या डब्यामागचं लेबल सुद्धा दाखवा, त्यातही बऱ्याचदा सेलेनियम असतं आणि लोक ते मोजतच नाहीत.

मग उलट, सेलेनियम बंद करून कॅन्सरला उपाशी मारता येईल?

हा प्रश्न हल्ली फार येतोय. नका करू असलं काही. कॅन्सरशी लढणाऱ्या टी-सेलना सुद्धा जीपीएक्स-४ लागतं, त्याच्याशिवाय त्यासुद्धा फेरोप्टोसिसनेच मरतात. थायरॉइडला लागतं, हृदयाला लागतं, चीनमध्ये सेलेनियम अगदी कमी असलेल्या भागात केशान नावाचा हृदयाचा आजार व्हायचा. उंदरांच्या पिंजऱ्यात सेलेनियम काटेकोर कमी करता येतं, आजारी आणि वजन उतरलेल्या माणसावर हा प्रयोग घरी करणं म्हणजे खेळ नाही.

औषधं येतायत का यावर?

प्रयत्न खूप आहेत, हातात थोडं आहे. आरएसएल-३ हे जीपीएक्स-४ बंद करणारं रसायन लॅबमध्ये सगळे वापरतात पण शरीरात ते नीट टिकत नाही, शिवाय ते थायोरेडॉक्सिन रिडक्टेजलाही धरतं असं नंतर लक्षात आलं, त्यामुळे जुने काही रिझल्ट परत तपासून बघावे लागतायत. ऑरानोफिन हे सोनं असलेलं संधिवाताचं जुनं औषध थायोरेडॉक्सिन रिडक्टेज अडवतं, ते कॅन्सरमध्ये तपासलं गेलंय. मुख्य अडचण अशी की जीपीएक्स-४ नसलेला उंदीर गर्भातच मरतो, म्हणजे निरोगी शरीरालाही ते हवंच आहे, कॅन्सरच्या पेशीपुरतं बंद कसं करायचं हे कोडं अजून सुटलेलं नाही. म्हणूनच एलआरपी-८ किंवा एफएसपी-१ सारख्या आडवाटांवर लोक जास्त उत्साहाने काम करतायत.

सोडियम सेलेनाइट आणि सेलेनोमेथिओनिन, दोन्ही एकच का?

नाही. सेलेनोमेथिओनिन साध्या मेथिओनिनच्या जागी कुठल्याही प्रोटीनमध्ये घुसून साठून राहतं, ती प्रोटीन सेलेनोप्रोटीन नव्हेत. सेलेनाइट असं साठत नाही, आणि मोठ्या डोसला तो अँटिऑक्सिडंट न राहता उलट ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस वाढवतो. त्यामुळे लॅबमध्ये सेलेनियमने कॅन्सर पेशी मेल्या असं वाचलंत तर बऱ्याच वेळा तिथे सेलेनोप्रोटीनचा काही हात नसतो, सरळ विषाचा डोस असतो.

रोज किती लागतं, आणि जास्त झालं तर कळतं कसं?

अमेरिकेतल्या शिफारशीप्रमाणे मोठ्या माणसाला रोज ५५ मायक्रोग्रॅम पुरे, मिलिग्रॅम नव्हे, मायक्रोग्रॅम. वरची मर्यादा तिथे ४०० आहे, युरोपने २०२३ मध्ये ती २५५ वर आणली. सेलेनोप्रोटीन एका मर्यादेपर्यंतच भरतात, त्यानंतर कितीही ओतलं तरी त्यांची संख्या वाढत नाही, नुसतं सेलेनियम साठत जातं. जास्त झाल्याची पहिली खूण म्हणजे श्वासाला लसणासारखा वास, लसूण न खाता, मग केस गळतात, नखं ठिसूळ होऊन पडतात, मळमळ, थकवा. २००८ मध्ये अमेरिकेत एका लिक्विड सप्लिमेंटमध्ये चुकून लेबलवर लिहिलेल्याच्या सुमारे २०० पट सेलेनियम पडलं होतं, २०१ लोकांना त्रास झाला, आणि ते सगळे बिचारे तब्येत चांगली राहावी म्हणूनच ते पीत होते.